अक्कांनी डबा रिकामा दिला नाही

पथ्य मला सांगितलं आणि ब्लडप्रेशर उतरलं शेजाऱ्यांचं! हसू नका हो. माझ्यासारखी फजिती कुणाची झाली असेल, तर चहाचे पैसे माझ्याकडून.

पुण्याहून बंगळुरात कारखान्यात नोकरीला आलो, तेव्हा जयनगर अजून नवंनवं होतं. एके दिवशी छातीत दुखलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं आणि फर्मान काढलं: तूप बंद, तळण बंद, मीठ अगदी नावाला.

माझे वडील हृदयविकारानेच अकाली गेले होते, त्यामुळे आमच्या सुमनचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दुधीची बिनतेलाची भाजी आणि कोरडी पोळी! बरं, तीही तेच खायला लागली. “तुम्ही एकट्यानेच का सोसायचं?” म्हणाली. आहे की नाही बाई मोठ्या मनाची? आणि मी काय केलं?

कारखान्याच्या बससाठी निघालो आणि शेजारच्या फाटकाशी डबा उघडून बघितला. बघितल्यावर भूकच मेली! तेवढ्यात तिथे रांगोळी घालणाऱ्या अक्का उठून उभ्या राहिल्या. अक्का आणि त्यांचे यजमान अण्णा, यांचं घर मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं.

“काय हो, रस्त्यात डबा का उघडलाय?”

आता काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, “हिने... अण्णांसाठी दिलंय!”

“अय्यो, केवढी माया पोरीची!” अक्कांचे डोळेच भरून आले. आत जाऊन त्यांनी भाजी-पोळी काढून घेतली. पण भांडं कधी रिकामं परत करायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज! डबा परत आला तो तुपात निथळणारा बिसीबेळे भात घेऊन.

“स्वल्पच घातलाय हं.”

स्वल्प? झाकण बसेना!

मग काय, ते रोजचंच झालं. कधी होळिगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, कधी वडे. संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा झालेला डबा बघून सुमन खूश, तिकडे अक्का खूश, आणि माझं तर विचारूच नका!

दोनेक महिन्यांनी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्टा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“वहिनी, पथ्य चाललंय ना? प्रेशर चढलंय यांचं!”

“अहो, डब्यात कणसुद्धा उरत नाही!” सुमन रडकुंडीला आली.

“मग तुमच्या शेजारच्या अण्णांना विचारा, काय खातात ते. त्यांचंही असंच होतं. आता बघा, कसं छान उतरलंय!”

सुमन तडक अक्कांच्या दारात. “उद्या जाऊ गं, उन्हं फार आहेत,” मी मागून विनवतोय. ऐकतंय कोण?

“अक्का, अण्णांना काय खायला घालता हो?”

“मी कुठली? तूच घालतेस की! रोज तुझाच डबा!”

सुमनने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर परवडलं असतं हो!

अण्णा भोळेपणाने म्हणाले, “पहिल्या दिवशी घास उतरेना, खरं सांगतो. पण लेकीनं मायेनं पाठवलेलं टाकायचं कसं? खात गेलो. आता तेच आवडतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माया खरं तर माझ्या वाटणीची होती. मी ती फाटकाशी देऊन टाकली, आणि या देवमाणसाने बेचव घासातही ती ओळखली. मनोमन हात जोडले मी अण्णांना.

दुसऱ्या दिवशी सुमन स्वतः फाटकापर्यंत आली. अण्णांचा डबा तिने अक्कांच्या हातात दिला, माझा माझ्या पिशवीत. मी मान खाली घालून चालू लागलो.

“थांबा हो!” अक्का ओरडल्या. “डबा रिकामा कसा परत देऊ?”

काय सांगू, जिवात जीव आला! सुमनकडे बघितलं, तर चक्क हसत होती. अक्कांनी भरलेला डबा हातात ठेवला. चांगला जड लागला. बसमध्ये बसल्या बसल्या झाकण उघडलं.

दुधीची भाजी. बिनतेलाची.

बसपर्यंत मागोमाग आलेल्या अक्का खिडकीबाहेरून विचारत होत्या, “सरी झालीय ना? नीट जमलीय ना? तुमच्या सुमनकडूनच शिकले!”

त्या दुपारी मी दोन डबे दुधी खाल्ला.