चतकोर कडक भाकरी

हुलगे भाजल्याचा वास आला की मला सोलापुरातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. ताईचं लग्न ठरलं होतं आणि सासरहून निरोप आला होता की मुलगी जरा बारीक झाली तर बरं. बाहेरच्या महागड्या पावडरी कशाला, म्हणून आत्याने उपाय घरातच काढला. दोन्ही वेळा हुलग्याच्या पिठाचं पातळ, पेजेसारखं माडगं आणि चतकोर कडक भाकरी. “चावता चावताच पोट भरतंय की,” ती म्हणायची, “बारीक बी हुतीस आन् खर्च बी न्हाय.” सगळे हसायचे, ताईसुद्धा. घराची काटकसर आणि सासरची आवड, दोन्ही एकाच मुलीच्या ताटातून वसूल होत होत्या. ताईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा आत्याने त्या शेजारणींना कौतुकाने दाखवल्या. एका दुपारी सगळ्यांसाठी भाकरी थापताना ताईचे हात थांबले आणि ती चुलीशेजारीच कलंडली. “आत्या, तिला धर,” मी ओरडलो. आत्या धावत आली आणि तिने आधी तव्यावरची भाकरी उलटली. “करपली असती की,” ती म्हणाली. ताई सावरली, लग्नही झालं. परवा माहेरी आलेल्या ताईच्या लेकीने जेवताना दुसरी भाकरी मागितली. आत्या तिच्या गुबगुबीत गालांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “आईवर गेलीय.”