काचेवरचे पापड

समस्त नौबादकरांनो, अत्यंत गंभीर बातमी ऐका: माझ्या घरातलं ऊन चोरीला गेलं आहे! चोराला मी रोज बघत होतो, पण खालून.

मागे वाढवलेल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आहे. भरदुपारीही तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून स्लॅब फोडून मी वर जाड काच बसवली. खोली उजळली, बायको हसली. मग एका सकाळी काचेवर हिरव्या बांगड्यांचा हात आला. त्यानं पदरानं काच पुसली आणि उडदाचे पापड मांडले, प्रत्येकावर मायेची एक थाप देऊन. खाली ब्लाउजच्या कापडावर गोल सावल्या पडल्या. बायकोनं बल्ब लावला.

रोज हेच व्हायला लागलं, तेव्हा मी संतापून गच्चीवर चढलो. कपाळभर विभूती लावलेली एक बाई शेजारचा कठडा ओलांडून आली होती आणि निवांत पापड उलटत होती.

"अक्का, काच उजेडासाठी हाय! खाली अंधार पडायलाय!" मी गरजलो.

भरल्या ताटात मीच पाणी ओतल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कडाडली, "एवढं कडक ऊन घरात सोडायलाव, अण्णा? तिथं काय वाळवायलाव?"