मोडेमच्या झाकणातली ओळ

श्री. आदगोंडा चौगुले, म्हणजे आम्हा सर्वांचे आण्णा, पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे या गौरवग्रंथात पुष्कळ आहेत. मी आपला एका झाकणाविषयी लिहितो.

सत्तरच्या दशकात मी कोरेगावहून कुपवाडच्या कारखान्यात तात्पुरत्या नोकरीवर लागलो, तेव्हा आण्णा तिथे मुख्य तंत्रज्ञ होते. कोरेगावच्या वीज उपकेंद्रातले आकडे सांगलीच्या नियंत्रण कक्षात पोचवायचे काम आमच्याकडे आले होते. त्यासाठी टेलिफोनची एक खास तार भाड्याने घेतलेली. तिला डायल नाही, ती कायम जोडलेली. दोन्ही टोकांना मोडेम, म्हणजे आकड्यांचे सूर करून तारेवर सोडणारा आणि आलेल्या सुरांचे पुन्हा आकडे करणारा डबा. मोडेम कसा लावला ते झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहायचे आणि खाली स्वतःचे नाव घालायचे, हा आण्णांचा शिरस्ता.

आण्णांनी मला सांगितले, दोन्ही टोके सारखी लाव. मी पडलो आज्ञाधारक! वेग सारखा, आवाजाची पातळी सारखी, सूर ठरवणाऱ्या जोडण्याही हुबेहूब सारख्या. खाली ठसठशीत नाव.

चाचणीला मोठे साहेब कोरेगावला आले आणि सांगलीत एक आकडा उमटेना. हे कुणी लावले, असे साहेबांनी सर्वांसमोर विचारले. झाकणात नाव माझेच होते. फौजेतल्या भावाला मी नुकतेच कळवले होते, की आता कायम होतोय.

आण्णांनी झाकण उघडून वाचले, साध्या फोनवरून सांगलीचे झाकणही वाचून घेतले आणि मला हळूच म्हणाले, "गड्या, दोघंबी एकाच सुरात बोलाय लागली, तर ऐकायचं कुणी रं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकाचा बोलायचा सूर तोच दुसऱ्याचा ऐकायचा असायला हवा होता. तोवर आण्णा साहेबांकडे वळले होते.

"साहेब, मी सांगितलं तसंच त्यानं केलंय. माझं सांगणंच अपुरं होतं."

कोरेगावच्या डब्याच्या जोडण्या त्यांनी माझ्याच हातून बदलून घेतल्या. सांगलीत आकडे उमटले. या गडबडीत दिवस मावळला. सूर्यास्तानंतर अन्नाला न शिवणारे आण्णा त्या रात्री उपाशी राहिले. मला हे दुसऱ्या दिवशी आण्णांच्या घरी वहिनींकडून कळले. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. आजही माझ्या हाताखालचा कुणी चुकला, की आपले काय सांगायचे राहिले, हे मी आधी आठवतो. ही सवय आण्णांची, माझी नव्हे.

बऱ्याच वर्षांनी तो मोडेम भंगारात निघाला, तेव्हा मी झाकण मागून घेतले. माझ्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'सूचना अपुरी. आ. चौगुले.' ती त्यांनी कधी लिहिली, मला ठाऊक नाही. झाकण हातात धरून मी रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

आण्णा, तुम्हाला शंभरी धडधाकट लाभो. आवं, तुमचं सांगणं अजून पुरं झालं न्हाई, आन् आमचं ऐकणंबी.