आईला वाटलं मी जुगार खेळतोय

रविवारी दुपारी कोइम्बतूरला खोलीवर एकटाच होतो. सोनं गाळायची भट्टी बंद, मालक जेवून झोपलेले... आणि मी चटईवर कार्डं मांडून बसलेलो.

खेळायचे पत्ते नव्हेत. वरच्या मजल्यावर निपाणीकडच्या एक मॅडम राहायच्या, योगा शिकवायच्या. खोली सोडताना त्यांनी ही कार्डं मला दिली. म्हणाल्या, यात भविष्य नाही. रोज एक काढायचं, चित्र बघायचं आणि मनात पहिलं काय येतं ते स्वतःला खरं सांगायचं. बस्स.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. चित्राखालचं इंग्रजी अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागतं, म्हणून मी वाचतच नाही. नुसतं चित्र बघतो.

पण गंमत अशी की चित्र कुठलंही निघो, मला गावच दिसतं. समुद्र निघाला तरी म्हसवडजवळचा आमचा कोरडा ओढा आठवतो. राणी निघाली तर आई... त्या राणीच्या डोक्यावर मुकुट, आईच्या डोक्यावर वैरणीचा भारा, एवढाच फरक.

आणि रोज एकच विचारायचो, गावाला जाऊ का नको? कार्ड काय हो-नाही बोलत नाही. मग पुन्हा पिसायची, पुन्हा काढायचं...

अडवलं कुणीच नव्हतं. पण आधी पाटणला गॅरेजमधून पळालो, मग कुपवाडच्या कारखान्यातून. गावात माझं नावच पडलंय पळपुट्या. इथं कुठं आता हात बसलाय. सुट्टीला म्हणून गेलो तरी लोक म्हणणार, आला बघा परत. म्हणून घरी फोनवर कधी 'येऊ का' असं तोंडातून काढलं नाही.

तर आईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिला चटई दिसली.

"पत्तं खेळतुयास व्हय रं? आवं, बघा, तुमचा ल्योक जुगार खेळतुया!"

मी म्हटलं, "आई, जुगार न्हाई गं. ही मनाची कार्डं हायती."

"मनाला कशाला पत्तं लागत्यात?"

आता हिला काय सांगायचं... म्हटलं, "आपण भैरोबाला कौल लावतो का न्हाई? तसं काय तरी समज." देवाला फुलं चिकटवायची आणि उजवं फूल पडतंय का डावं ते बघायचं, तो कौल; उजवं म्हणजे हो, डावं म्हणजे नाही.

आई पदर सारखा करत म्हणाली, "म्याबी लावला हुता."

"कशाचा?"

"तुला बोलवून घ्यू का, म्हनून."

"मग?"

"डावं पडलं. म्हनलं देवाचं ध्यान नसंल, परत लावला. परत डावं."

मागून दादांचा, म्हणजे वडिलांचा आवाज, "देवाचा जीव खाल्ला हिनं! गुरव बी कटाळला. दारात दिसली की त्यो आत पळतुया."

मला हसू आलं. म्हटलं, "आई, मलाच का न्हाई इचारलंस?"

"तुला इचारलं तर तू लगीच यायचास रं. आन मग परत कामावर गेलाच न्हाईस तर? माझ्यापायी तुझं बसलेलं बस्तान उठाय नगं."

म्हणजे इकडं मी कार्डांना विचारतोय, तिकडं ती देवाला. दोघं एकच विचारतोय... आणि रोज फोनवर बोलतोय जेवलास का, पाऊस हाय का.

म्हटलं, "आई, मला यायचंय. लय आठवण येती. चार दिवस राहीन आणि परत कामावर येईन."

बराच वेळ तिनं फोन कुठंतरी वर धरला. मला नुसते छपराचे पत्रे दिसत होते. मग आवाज आला, "ये की मग. देवाला काय सांगायचं ते मी बघती."

संध्याकाळी मालकांना सुट्टी मागितली. बघू म्हणालेत. पण मागताना मान खाली नव्हती.

मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर मनापासून आभार. त्या कार्डांनी मला माझ्याशी खरं बोलायला शिकवलं... फक्त आईशी खरं बोलायला जरा उशीर झाला.