माठातलं पाणी

मे महिन्यात बर्डीहून वाडीला जाणाऱ्या बसमध्ये काटोलकडचा एक शेतकरी माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर कैऱ्यांची थैली, ओठ पार सुकलेले. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्याने दुपट्ट्याने तोंड पुसून मान हलवली.

"नको जी. पोरीच्या घरी चाललो, पहिल्यांदाच. तिनं बौद्धाच्या पोरासंग लगन केलं, तवापासून मी बोलतच नव्हतो."

"मग पाणी का नको?"

"आमच्यात लेकरू होईपर्यंत बाप पोरीच्या घरचं पाणी पेत नाही. पण तिथं मी नाही म्हटलं, तर त्याहिले रीत वाटन का जात? म्हणून सकाळपासून तहान धरून राहिलो. तिथं पाणी पेताना मागं-पुढं व्हायलेच नको."

त्याची मुलगी माझ्याच गल्लीत राहत होती. मी त्याला दारापर्यंत पोचवलं. बापाला पाहून मुलगी जागीच थिजली. सासूबाई लगबगीने पुढे आल्या आणि दुकानातून आणलेली सीलबंद बाटली त्याच्यासमोर ठेवत म्हणाल्या, "आमचं नाही जी, इकतचं आहे."

त्याने बाटली हळूच बाजूला सारली.

"विहीणबाई, माठातलं नाही काय?"

सासूबाईंनी भरून दिलेला ग्लास त्याने डोळे मिटून, ठरवल्यासारखा रिकामा केला. मग डोळे उघडून पुन्हा पुढे धरला. हा दुसरा मात्र नुसत्या तहानेचा होता.