पुढच्या शनिवारी, इन्शाल्ला

माझ्या श्रद्धेविषयी मोठ्या तोंडाने बोलावं असा मी माणूस नाही. पाच वेळची नमाज पढतो, पण खरं सांगायचं तर बऱ्याचदा एक डोळा घड्याळाकडे ठेवून. गेल्या ऑगस्टमध्ये जे घडलं ते लिहून ठेवावं असं कितीतरी महिने मनात आहे, आणि दर वेळी मी हात मागे घेतला. त्यात अल्लाहची मेहेरबानी आहे, तेवढीच माझी चूकही आहे, आणि एक लिहायचं तर दुसरी लपवता येत नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. एकोणीस वर्षं झाली, मी अमिरातीतल्या फुजैरा बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे. जहाज कधी लागेल याचा नेम नसतो, त्यामुळे 'इन्शाल्ला', म्हणजे अल्लाहची इच्छा असेल तर, या शब्दाला आमच्या ऑफिसात एक वेगळाच अर्थ आला आहे. कागद कधी मिळतील? इन्शाल्ला, उद्या. म्हणजे आज नाहीत, उद्याही बहुतेक नाहीत, आणि आता कृपा करून फोन ठेवा. गावी माझे वडील हाच शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबत, आणि उच्चारला की दिल्या शब्दाला जागत. मी मात्र अल्लाहचं नाव घेऊन लोकांच्या तोंडाला पानं पुसायला शिकलो. ऑफिसात शिकलेली ही विद्या मी घरीही आणली.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा मी डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल घेतली. हिवाळ्यात दर शनिवारी ऑफिसातल्या दोघातिघांबरोबर मी वाडीत जाऊ लागलो. आमच्याकडे वाडी म्हणजे पाच-पंचवीस घरं आणि माडांची सावली. इथे वाडी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी, नुसते गोटे आणि धूळ. पण नदीच्या काठाकाठाने जुनी पायवाट असते, दगडी पाट असतात, खजुरांच्या बागा असतात, आणि वर टेकडीवर मातीचा एखादा जुना बुरूज पहारा देत उभा असतो. माझी मुलगी सना तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला या बुरुजांचं वेड लागलं. जुन्या इमारती पाहायच्या, त्यांची चित्रं काढायची, कुठली भिंत का पडली याचा विचार करत बसायचं. तिनेही एक जुनी सायकल मिळवली आणि माझ्यामागे लकडा लावला, मलाही न्या. एक ठरावीक बुरूज तिला पाहायचा होता. मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी, इन्शाल्ला. मित्रांबरोबर वेगात जायचं असायचं, मुलगी बरोबर असली की जपून जावं लागतं, एवढंच कारण. एकदा ती आईला हसत म्हणाली, "अम्मी, इन अवर हाउस इन्शाल्ला मीन्स नो." आम्ही तिघंही हसलो. मला तर मुलगी हजरजबाबी निघाली याचं कौतुकच वाटलं. पाच वर्षं अशी गेली.

मग तिला फ्रान्समधल्या एका लहान गावात, जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यास शिकवणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जायच्या आधीच्या शनिवारी मी तिला नक्की नेणार होतो. ऑगस्टचा उकाडा म्हणून पहाटे निघून आठच्या आत परतायचं ठरलं. पहाटे साडेचारला ऑफिसातून फोन आला, जहाज वेळेआधी लागलं होतं. मी दबक्या पावलांनी घराबाहेर पडलो आणि गाडीतून सनाला मेसेज टाकला: जहाज आलं बेटा, पुढच्या शनिवारी जाऊ, इन्शाल्ला. तिचं विमान गुरुवारी होतं. तिकीट मीच काढलं होतं. तरी बोटांनी सवयीने ते वाक्य लिहिलं, आणि ते लिहिताना मला काहीच खटकलं नाही.

दीडच्या सुमारास घरी परतलो. बायकोने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही एकटेच? सना कुठाय?" तिला वाटत होतं आम्ही दोघं बरोबर गेलोय आणि माझ्यामुळे नेहमीसारखा उशीर होतोय. सना उजाडायच्या आधीच आपली सायकल घेऊन एकटी निघून गेली होती. फोन लागत नव्हता. माझ्या पायाखालची वाळू सरकली. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन होतं. "कुठल्या बुरुजावर जायचं होतं ते तुम्हाला सांगितलं होतं ना तिनं?" बायको म्हणाली. सांगितलं होतं. पाच वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल. पोलिसांना फोन केला तर त्यांनीही तेच विचारलं, कुठली वाडी, कुठली जागा. मला एवढंच आठवलं की आम्ही नेहमी जातो ती वाडी. बुरुजाचं नाव, खूण, काहीही आठवेना. माझ्या एकुलत्या एका लेकीला जगात कुठे जायचं होतं, ते मला माहीत नव्हतं.

पोलिसांची गाडी निघाली, पण मला दम कुठला. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन मी निघालो. वाडीच्या तोंडापासून थोडं आत गेलं की कच्च्या रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडे धरण आणि मोठा किल्ला, डावीकडे पाटाच्या काठाने खजुरांच्या बागा आणि दोन-तीन बुरूज. दोन्ही वाटा लांबच लांब, आणि माझी गाडी शहरात चालवायची, गोट्यांत एकदा रुतली की संपलं. मी मनाशी उजवीकडे ठरवलं. किल्ला मोठा, म्हणजे तीही तिकडेच गेली असेल, असा हिशेब. चाक वळवलं आणि मला एकदम आठवलं की जोहरची, दुपारची नमाज राहिली आहे. अशा वेळी माणूस आधी मुलीला शोधायला धावेल. मी का थांबलो हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा दुसरं काही सुचत नव्हतं.

पाणी होतं ते तिच्यासाठी होतं. म्हणून मी तयम्मुम केलं, म्हणजे वजूसाठी, नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, पाणी नसलं की स्वच्छ मातीवर हात टेकून तोंडावरून आणि हातांवरून फिरवतात, तसं. गाडीतली चटई गोट्यांवर टाकली आणि उभा राहिलो. नियत बांधली, पण मनात एकच गोष्ट होती. या अल्लाह, तिला सुखरूप दे, मी तिला जरूर नेईन, इन्शा... आणि तो शब्द मी अर्ध्यावरच सोडला. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? ज्या नावावर मी पाच वर्षं वेळ मारून नेली, त्याच नावाने आता त्याच्याकडेच मागत होतो. मग मी वायदा करायचा सोडला. काहीही देऊ केलं नाही. सजद्यात गेलो तेव्हा चटईखालचे दगड कपाळाला पोळत होते. मी एवढंच म्हणालो, मला माहीत नाही ती कुठे आहे, तुला माहीत आहे. तेवढ्यात गाडीचा आवाज आला, जवळ येऊन थांबला. उठून पळावंसं वाटलं, पण उठलो नाही. नमाज पूर्ण केली. उजवीकडे मान वळवून सलाम केला, मग डावीकडे वळवली, तर डाव्या फाट्याच्या तोंडाशी एक जुना पिकअप उभा होता, मागे चाऱ्याच्या पेंढ्यांवर सायकल आडवी पडली होती, आणि पुढच्या सीटवर सना बसली होती.

पिकअपला टेकून एक म्हातारा अरब शेतकरी उभा होता. जुन्या पिढीतल्या बऱ्याच अरबांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्याला येत होतं. "तुम नमाज में था, इसलिए हॉर्न नहीं मारा," तो म्हणाला. "तुम्हारा बेटी? पैर टूटा है शायद. पानी पिया, लबन पिया, छाछ, अब अच्छा है." बागेला पाणी द्यायला तो फक्त शुक्रवारी यायचा. आदल्या संध्याकाळी एक शेळी परतली नाही म्हणून शनिवारी पुन्हा आला होता. शेळी शोधत टेकडीवर चढला, तर बुरुजाच्या सावलीत शेळीही होती आणि सनाही, पाय सुजलेला, बाटली रिकामी. मी उजवीकडे गेलो असतो तर आमची चुकामूक झाली असती, आणि माझं पुढे काय झालं असतं कोण जाणे. याला कोणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. माझा जीव भांड्यात पडला एवढं मला माहीत आहे.

सनाला माझ्या गाडीत बसवलं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "सॉरी, अब्बा." मग थोड्या वेळाने, अजिबात न रागावता, "आय थॉट यू'ड नो व्हेअर. द टॉवर विथ द ब्रोकन स्टेअर्स." तिने रागावायला हवं होतं. म्हाताऱ्याचे हात हातात घेऊन मी म्हटलं, पुढच्या शनिवारी तुमच्या घरी येतो, इन्शाल्ला. तो हसला नाही. म्हणाला, "इन्शाल्ला बोला तो आना पड़ता है, हबीबी. अल्लाह का नाम लिया."

हाड मोडलं होतं. गुरुवारी सना प्लास्टरमध्ये, विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीतून गेली. शनिवारी मी खरोखरच त्या म्हाताऱ्याकडे गेलो. बायकोने नारळाच्या वड्या करून दिल्या होत्या. त्याने मला टेकडीवर नेलं. मोडक्या पायऱ्यांचा तो बुरूज फार मोठा नाही, आत दोन माणसं जेमतेम मावतील. खाली कोरडी नदी आणि खजुरांची हिरवी रेघ दिसते. पुढच्या शनिवारी, असं मी तिला म्हटलं होतं, आणि पुढच्या शनिवारी मी तिथे उभा होतो, एका परक्या माणसाबरोबर. मी रडलो. म्हातारा पाठ फिरवून शेळ्यांना हाका मारत राहिला.

आता तिचा पाय बरा आहे. ती फोटो पाठवते: नदीकाठची झाडांची वाट, दगडी पूल, डोंगरावरचा जुना वाडा, आणि पुढे चिखलाने माखलेली तिची नवी सायकल. तिकडच्या नदीला बारा महिने पाणी असतं म्हणे. कधीतरी ती फोटोत असते, म्हणजे तो काढणारं कोणीतरी बरोबर असतं. कोण, ते मी विचारत नाही. मला बोलाव असंही म्हणत नाही. मागण्याचा हक्क मी माझ्या हातांनी घालवला आहे. ज्याच्या हवाली करायचं त्याच्या हवाली मी तिला त्या दिवशी केलं, आणि त्याने तिला नीट ठेवलं आहे, यातच समाधान मानायला शिकतो आहे.

आजही रोज शुक्र अदा करतो, पण हात उचलले की मान खाली जाते. त्याने माझं मागणं ऐकायला नमाज संपेपर्यंतही वेळ लावला नाही, आणि मी माझ्या लेकीला पाच वर्षं दारात उभं ठेवलं होतं.