हुकलं तरी एक गुण

आमचा जावई ऑस्ट्रेलियाचा माजी खेळाडू, असं म्हटल्यावर पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत पहिला प्रश्न यायचा, बॅटिंग की बोलिंग? फुटबॉल म्हटलं की चेहरे पडायचे. त्यातही तो त्यांचा वेगळाच फुटबॉल. चेंडू पपईसारखा लांबट, त्याला लाथही मारायची आणि तो हातांनी झेलायचाही, आणि गोलाला खांब चार. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे हुकला, तरी एक. तिथला पंच गोलाला दोन बोटं दाखवतो, हुकल्यावर एक. हे मी इतक्यांना समजावलं, की लोक मला पाहून रस्ता बदलायला लागले.

लोकांचं सोडा, खरा घोर सोनगीरच्या आबांचा होता. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्या घराण्यात थोरल्याने टिळा लावल्याशिवाय जावई तो जावई नाही, नुसता पाहुणा. लेकीने परस्पर तिकडे लग्न केलं तेव्हापासून आबा तिच्याशी बोलले नव्हते. यंदा ती नवऱ्याला घेऊन आली ती त्या टिळ्यासाठीच. "आबांनी लावला नाही, तर मी पुन्हा इथे येणार नाही," म्हणाली. ही पोरगी हट्टात आबांवरच गेली आहे, त्यामुळे माझी झोप उडाली.

आम्ही सोनगीरला पोचलो तेव्हा आबा ओसरीवर पलंगावर बसले होते. ते कधी खाली बसत नाहीत. मानासाठी, असं सांगतात.

"काय करस हाऊ?" जावयाकडे बोट करून त्यांनी मला विचारलं. तो समोर उभा आणि परीक्षा माझी.

"खेळायचा. गुडघा गेला म्हणून सोडलं. आता पोरांना शिकवतो."

"पेन्शन शे?"

"नाही."

"मंग रिटायर कसाले व्हयना?"

मी घाईघाईने चार खांब आणि पंचाची बोटं सांगितली. आबा म्हणाले, "हुकनं तरी एक? आठे आपला गावमा ते शिव्या भेटतस."

पाहुण्याला उपाशी धाडणं मात्र वहिनींना जमत नाही. त्यांनी खापरावर मांडे केले होते, पाट मांडला होता. जावई बसला तो एक पाय थेट आबांकडे लांब करून. मी डोळेच मिटले. थोरल्यासमोर पाय पसरणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर शिवी. लेक पुढे झाली आणि तिने त्याची पँट गुडघ्यावर सरकवली. टाक्यांच्या खुणांवर खुणा होत्या. "तो वाकतच नाही, आबा," ती म्हणाली.

आबांनी तो गुडघा निरखून पाहिला. मग त्यांनी धोतर वर केलं. तरुणपणी जत्रेतल्या कबड्डीत गेलेला त्यांचा गुडघा तसाच वेडावाकडा होता.

"हाऊ ते मन्हासारखाच शे!" म्हणत, कण्हत कण्हत, ते त्याच्यासमोर खाली बसले, पाय लांब करून. मानाची एवढ्या वर्षांची कथा तिथेच संपली.

"पोरी, कुंकू आन," ते म्हणाले.

दोघांचे पाय आडवे, वाकता कुणालाच येईना. आबांचा अंगठा कपाळ सोडून भुवईवर टेकला. जावयाने गंभीर चेहऱ्याने एक बोट वर केलं. मला घाम फुटला. आबांनी अंगठा पुन्हा कुंकवात बुडवला, जावयाची मान धरून त्याला जवळ ओढलं आणि टिळा बरोबर मधोमध लावला. करंडा धरून उभ्या लेकीचे डोळे भरून आले, माझेही. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली.